राणीवरच्या दोन ओळी

आई,

तुझ्या पायाशी बसूनच लिहितोय असं समज. हॉटेल सोडलं हे कसं सांगू, म्हणून पत्र रोज उद्यावर ढकललं. टेन्शन घेऊ नको! करावे गावात हरेशशेठच्या वरातीच्या घोड्या सांभाळतो. बोंबील काय मिळतात इथं! तुझा गुडघा कसाय?

तर, त्यांची राणी घोडी गेली. तेव्हापासून त्यांची लहानगी स्नेहल तबेल्यात येईना, कुणाशी बोलेना. त्यांच्याकडून मला डबा येतो. रिकामा डबा परत देऊ नये, ही तुझीच शिकवण. मग मी रोज त्यात स्नेहलसाठी राणीवर दोन ओळी लिहून घालतो. आजच्या:

बँड वाजला, राणी भ्याली,
नवरा घेऊन परत आली.

थांब, दारात कोण... आई, डब्यातली चिठ्ठी घेऊन स्नेहल आलीय! "दादा, खोटं लिवलंस! राणी भ्यायची नाय, नाचायची! दे पेन!"

पेन दिलं.

तुझाच,
दिगू