चौथी पास

गुरुजी, काल मी आपल्या शाळेत गेले होते. माझ्या बहिऱ्या बहिणीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचंय, त्याला जन्मतारखेचा पुरावा हवा होता. नव्या मास्तरांनी जुनं रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "बाई, तुमची भैन तर चौथी पास हाय की!" गुरुजी, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही!

तो दुष्काळ. आईबाप सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेले, आम्ही दोघी आत्याच्या पदरात. शाळेतली सुकडी हजेरीपटावर नाव असलेल्यांनाच मिळायची, म्हणून तुम्ही तिचं नाव घातलंत. आत्याला म्हणालात, "उपाशी कशाला मारायची पोरगी? बसंल की दाराशी." आत्या तुमच्या पाया पडली. बहीण रोज सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी बसायची. फळ्यावरचा 'ग' धुळीत बोटानं काढायची, उलटा. एकदा मी तिचा हात धरून तो सुलटा करायला गेले, तर तुम्ही खेकसलात, "तिला काय ऐकू येतंय का? तू तुझं गणित कर!" पटावरचं नाव कमी होऊ नये म्हणून तुम्ही तिला वर्षामागून वर्ष वर ढकललंत, हे मला काल कळलं.

तुमच्याकडे बघूनच मी शिक्षिका झाले. नवा कायदा आला तेव्हा गेवराईला आमचं प्रशिक्षण झालं. तिथं सांगितलं, अपंग म्हणून कुठल्याही लेकराला परत पाठवायचं नाही, सगळ्यांबरोबर बसवायचं, त्याला समजेल तसं शिकवायचं. मी उठून मोठ्या तोऱ्यात तुमचं उदाहरण दिलं. टाळ्याही पडल्या. आता त्या आठवल्या की लाज वाटते. तुमच्यावर चिडायचं तरी कसं? त्या सुकडीवर ती जगली. पण शिकायला आलेल्या पोरीला तुम्ही नुसतं जेवू घातलंत हो.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कुठं टाकणार, कपाटातच राहील. म्हणून लिहिते. तुम्ही खेकसलात तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, सुटल्यासारखं वाटलं होतं. पोरी मला 'बहिरीची बहीण' म्हणून चिडवायच्या, मला तिच्याजवळ बसायचंच नव्हतं. पुढं सगळा जन्म लोकांच्या लेकरांना बाराखडी शिकवली, घरातल्या बहिणीला एक अक्षर नाही. गुरुजी नको म्हणाले होते, एवढं कारण मला पुरलं.