व्याह्यांना फोन करू नको

सोजरे,

देवळातनं आलीस की आधी ही चिठ्ठी वाच. व्याह्यांना फोन करू नको. सून कुठं चालली न्हाई, रातचं त्यांचं भांडण ऐकून उगं आपण दोघांनी जेवण सोडलं.

सकाळी वर्षालीला कंपनीच्या बसपातुर सोडाय गेलो आन इचारलंच. ती दोघं मोबाइलवर चिनी मालिका बघत्यात. त्यातबी नवरा-बायको नोकरीवाली, एकमेकाला गाठच पडत न्हाई. ह्यांच्याबी शिफ्टा उलट्यापालट्या, म्हणून सुट्टीला जोडीनंच बघायचं ठरलेलं. आपला भाद्दर ओंकार बसमदी एकटाच पुढं बघून आला!

"मामा, आठवड्यात तेवढंच आमच्या दोघांचं असतं," म्हणली आन रडली पोर.

माझा जीव भांड्यात पडला. घरी यून ओंकारला झापला. आज त्याला सुट्टी हाय, बायकोला आणाय गाडी घिऊन कंपनीच्या गेटवर धाडलाय. हसत गेला.

मी गिरणीत चाललोय. रस्सा केलाय, मीठ बघ.

आन त्या मालिकेतली चिनी सासू हुबेहूब तू हाईस. ओंकारकडनं पुढचे दोन भाग म्याबी बघून घेतलेत. सुनेला ह्यातलं सांगू नको, परत पेटंल.