छपराला फुटलेला घाम

तीर्थरूप मामा,

भाचीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. मध्यंतरी फटी बुजवायच्या फोमचा डबा हाताळताना माझे दोन्ही तळवे खरोखरच एकमेकांना चिकटले होते, आणि मी दुपारभर घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना नमस्कार करत हिंडत होते. दूधवाल्याला फार संकोच झाला.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे बरे आहेत. छपराला तेवढा घाम फुटलाय, पण ते ओघाने येईलच.

तुम्ही आईबरोबर निरोप पाठवलात की तुमच्या ओळखीचा कुणी एक माणूस स्वतःच्या हाताने घर बांधतोय आणि छप्पर, ऊन, थंडी याबद्दल त्याला अनुभवाचे चार शब्द हवेत, ते भाचीने लिहून पाठवावेत. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण विचारते: असा माणूस खरंच आहे ना? आईला शंका आहे. ती म्हणते, ज्याने जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं चढवली, तो छपराचं विचारायला भाचीकडे कशाला पाठवेल? त्याला आमच्याच छपराचं काय झालं ते ऐकायचंय. असेलही. पण मला शाळेच्या आधी अक्षरं तुम्ही शिकवलीत, उरलेल्या पत्र्यावर खडूने गिरवून घेतलीत, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट देऊ नये हेही तेव्हाच बजावलंत. तेव्हा माणूस असो वा नसो, उत्तर पूर्ण देते. बाबांना या पत्राबद्दल अजून सांगितलेलं नाही.

तुमचं आणि बाबांचं बोलणं बंद का झालं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण त्या माणसाला संदर्भ हवा. बाबांनी घराचा नकाशा तुमच्यापुढे पसरला, तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात, हसलात आणि म्हणालात, "दाजी, हे घर बांधताय की डबा?" बाबा म्हणाले, "डबाच. हवाबंद. आणि तुमचा पाय छपराला न लागता बांधून दाखवतो." त्या दिवसापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत आणि बाबांनी बोलावलं नाही. दोघांच्या हट्टात आईचं मात्र मरण होतं. तिने सांगून टाकलंय की माझा भाऊ इथे येऊन जेवल्याशिवाय मी याला घर म्हणणार नाही. तिचा शब्द म्हणजे शब्द. भिंती झाल्या, फरशी झाली, पडदे लागले, तरी ती याला "साइट" म्हणते. "साइटवर चहा झालाय, या," अशी हाक येते. आलेल्या पाहुण्यांना वाटतं, आम्ही इथे मजूर आहोत. हसू येतं खरं, पण ती चहा देऊन खिडकीशी जाऊन उभी राहते तेव्हा मला हसवत नाही. तुम्ही दोघं पुन्हा बोलावं, एवढंच मला हवंय. छपराचं मग बघता येईल.

आता सल्ला. पहिला: घर बांधणाऱ्याने आपली जन्मभराची नोकरी घराबाहेर ठेवून यावं. बाबांची सगळी हयात कोल्ड स्टोरेजच्या देखरेखीत गेली. तिथे फट म्हणजे पाप. आमच्या घरात मुलं "आई" म्हणायच्या आधी "दार लाव" ऐकतात. मी स्वतः बोलायला लागले ते "लावलं" म्हणत, असं आई सांगते. त्यामुळे बाबांनी छपराचा विचार सुरू केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माणसं नव्हतीच, बटाटे होते.

पत्रे घालताना आम्ही नियम पाळले हे मी अभिमानाने सांगते. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर अशी चढवली की वाऱ्याने पाणी आत घुसू नये, आणि स्क्रूखाली रबराचा वायसर, म्हणजे चकती, घातला. स्क्रू बेताने आवळावा, रबर चेंगरेपर्यंत आवळू नये, असं दुकानदाराने सांगितलं होतं. पण "बेताने" म्हणजे किती? मी प्रत्येक स्क्रूपाशी थांबून विचार करत बसायचे, आणि बाबा मागून येऊन "अजून थोडं" म्हणत तो आवळून टाकायचे. माझा विचार आणि त्यांचा हात, यांत रबराचा भुगा झाला. ते सगळे वायसर नंतर बदलले.

पत्र्याखाली ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, घातली. त्या माणसाला सांगा, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला फडकं असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, नाहीतर आठवडाभर अंगाला खाज सुटते आणि चारचौघांत खाजवण्याचीही एक मर्यादा असते. बाबांनी यावर तोड काढली. नोकरीतला जाडजूड कोट, कानटोपी, हातमोजे असा पूर्ण सरंजाम चढवून ते भर दुपारच्या उन्हात माळ्यावर चढले. समोरच्या शिंपीकाकांनी मशीन थांबवून विचारलं, "साहेब, बर्फ पडणार आहे का? तसं असेल तर माझी दोन गिऱ्हाइकं कोटाची राहिलीत."

आता माळ्यावरचा प्रसंग. बाबा माळ्यावर लोकर पसरत होते. मी खाली होते. माळ्यावर जायला छतात एक चौकोनी दार ठेवलंय. त्या दाराच्या कडेने मला चांगली बोटभर फट दिसली. मामा, फट दिसल्यावर मी काय करणार? लहानपणापासूनचं वळण. मी डबा घेतला आणि चारही बाजूंनी फोम मारला. (डब्यावर "थोडाच मारा, फुगतो" असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पण थोडा मारून फट राहिली तर कुणाला तोंड दाखवू, म्हणून भरपूर मारला.) फोम फुगला, पावासारखा वर आला आणि दगडासारखा घट्ट झाला. मी कौतुकाने पाहत राहिले. तळवे चिकटल्याचं नंतर लक्षात आलं, आणि बाबा वरच असल्याचं त्याच्याही नंतर.

ते आरडाओरडा करत होते म्हणे. आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. लोकर ऊन अडवते तसा आवाजही अडवते, हे त्या माणसाला आवर्जून सांगा. आई म्हणत होती, "आज यांनी फार मन लावून काम चालवलंय, एक शब्द नाही तोंडातून." शेवटी बाबांनी आतून दोन पत्र्यांच्या स्क्रूंचे नट सोडवले, एक पत्रा बाजूला सारला आणि कानटोपीसकट छपरातून कमरेपर्यंत वर आले. शिंपीकाकांनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पडला का बर्फ?" बाबा उतरल्यावर मला ओरडतील म्हणून मी जोडलेल्या हातांनीच उभी होते. पण ते घामाघूम अवस्थेत म्हणाले, "ऐकू आलं नाही? खरंच? एवढासुद्धा आवाज नाही? मग काम फर्स्टक्लास झालंय!" आणि आनंदाने चहा मागितला.

इथे थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण थंडी सुरू झाली आणि एका सकाळी छतातून थेंब पडला. बाहेर आकाश निरभ्र. बाबांच्या नाकावर थेंब, हातात वर्तमानपत्र, आणि चेहरा असा, जणू कुणीतरी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दिलीय. "गळतंय," आई म्हणाली. "पाऊस नसताना कसं गळेल?" बाबा म्हणाले. "ते मला काय माहीत, मी साइटवर नवीन आहे," आई म्हणाली.

मग आम्ही गळती शोधायला लागलो. गळती सापडेना, म्हणून सगळीकडूनच बुजवायला घेतलं. स्क्रूंच्या डोक्यांवर सीलंट, पत्र्यांच्या जोडांवर सीलंट. वळचणीला, म्हणजे पत्रा भिंतीच्या बाहेर येतो तिथे खालून, दुकानदाराच्या सांगण्यावरून जाळी लावून मोकळी जागा सोडली होती. ती मी फोमने भरली. आढ्यावर दोन्ही उतार मिळतात तिथल्या टोपीसारख्या पत्र्याखालची पोकळी बाबांनी भरली. जेवढं बुजवावं तेवढं दुसऱ्या दिवशी जास्त टपकायचं. आम्ही घरात भांडी मांडून बसलो आणि बाहेर कोरडं ठणठणीत ऊन.

उलगडा आईने केला, तोही आम्हाला शिकवायचं म्हणून नाही, वैतागून. बाबा स्वयंपाकघरात येऊन म्हणत होते, पाणी वरूनच येतंय, कुठून तरी भोक असलंच पाहिजे. आईने भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांच्यापुढे उलटं धरलं. खालच्या बाजूने टपाटपा थेंब पडले. "याला कुठे भोक आहे, दाखवा," ती म्हणाली. बाबांनी झाकणाच्या आतून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "पण कोल्ड स्टोरेजला असं होत नसे. आणि बटाटेसुद्धा श्वास घेतात." आई म्हणाली, "घेत असतील. पण बटाटे कढत पाण्याने आंघोळ करत नाहीत, खोलीत कपडे वाळत घालत नाहीत आणि रोज दोन वेळा भात शिजवत नाहीत."

आणि मामा, सगळ्यात वाईट गोष्ट आत्ता लिहिते. स्वयंपाकघरातला वाफ खेचणारा पंखा बाबांनी घराबाहेर नाही, माळ्यावर सोडलाय. ऊब फुकट कशाला घालवायची, म्हणून. म्हणजे आम्ही घरातली वाफ कष्टाने गोळा करून लोकरीला पाजत होतो. ती वाफ थंड पत्र्याला लागून तिचं पाणी व्हायचं आणि ते आम्ही पुन्हा नाकावर घ्यायचो. लोकर ओली गच्च झालीय. ओली लोकर म्हणजे ओली गोधडी, ना ऊब ना गारवा. तेव्हा सल्ला असा: पाणी बाहेरून अडवावं, पण वाफेला वाट ठेवावी. हवा वळचणीतून आत यावी, आढ्यातून बाहेर पडावी. वाफ अडवायचा प्लास्टिकचा कागद घालायचा तर लोकरीच्या खाली, घराच्या बाजूला घालावा. आणि पंखा बाहेर सोडावा, शेजाऱ्यांना भाजीचा वास गेला तरी चालेल.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद देण्याएवढी मी मोठी नाही, तरी घरात कुणी असेल तर द्यावेत. चूकभूल माझी समजावी.

तुमची भाची

ता. क. उलगडा झाला तरी काम झालेलं नाही. वळचण मोकळी करायचं मी करीन; ज्याने भरलं त्याने उकरावं. पण आढ्यावरचा टोपीपत्रा न वाकवता उचलायला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाला ते येत असावं लागतं. बाबा रोज सकाळी अंगणात उभे राहून आढ्याकडे बघतात आणि आत येतात. माणूस बोलवू का विचारलं तर म्हणतात, "बोलवायचा तर चांगला बोलवावा," आणि वर्तमानपत्र उघडतात. आमच्या ओळखीत चांगला एकच आहे. मामा, रविवारी या ना. बोलावलंय असं म्हणू नका. थाप मारू नका, पण कारणही सांगू नका. नुसते या.

ता. क. दुसरा. बाबांपासून लपवून पत्र टाकणं मला जमेना. पाकिटात घातलं, परत काढलं, आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. माळ्याच्या प्रसंगापाशी "कमरेपर्यंत नाही, छातीपर्यंत" एवढीच दुरुस्ती सांगितली. मग पेन मागितलं. खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत:

*सा. न. वि. वि. मुलीने लिहिले आहे ते साधारण बरोबर आहे. छप्पर गळत नाही, हे ध्यानात घ्यावे. पंख्याबद्दलचा मजकूर तिने जरा लांबवला आहे. रविवारी आलात तर आढ्यावर मी चढेन, तुम्ही खालून सांगा.*

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवल्यावर बाबांनी ते वाफेवर धरून उघडलं (वाफ आमच्याकडे भरपूर आहे) आणि पत्र पुन्हा काढलं. वरच्या ओळीतला "खालून" हा शब्द त्यांनी खोडून त्याच्या डोक्यावर "शेजारी बसून" असं लिहिलंय. खाडाखोड माझी नाही, म्हणून कळवते.