फुटाण्याच्या पोटातली भाकर

पांढुर्णा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सौ. चंद्रकला जाऊबाईंना अमिताचा नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्हीही असालच, कारण काल गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तुम्ही भाऊजींना रागावत होत्या ते इकडे स्वच्छ ऐकू आलं. तारेच्या कुंपणापलीकडच्या जावेला पत्र लिहिणारी साऱ्या पांढुर्ण्यात मी एकटीच असेन. ह्यांना म्हटलं, भाऊजींकडून विचारून घ्या, तर म्हणाले, "आमी भाऊ भाऊ बागेचं बोलतो. तुमचं तुमी पाहा." म्हणून कागद घेऊन बसले.

काम फुटाण्याचं आहे. तुम्ही त्याला पाहिलंच आहे. महिन्यापूर्वी ह्यांनी तिगावच्या स्टेशनवरून उचलून आणलेला भुरा कुत्रा. मी आधी नको नको म्हणत होते. पण आल्या दिवशी त्याने अंगणात अशा काही उड्या मारल्या की आमच्या प्रणालीने जागच्या जागी नाव ठेवलं आणि माझं नको तिथेच राहिलं.

तिसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. जेवला की पाव तासात सगळं बाहेर. वर माझ्याकडे असा बघायचा की स्वयंपाक माझाच बिघडला असावा. मी ओव्याचं पाणी पाजलं, दहीभात दिला. बिचारा वाळत चालला म्हणून भातावर चमचाभर तूपही सोडलं. तुपाने आणखी वाढलं.

शेवटी गुरांच्या दवाखान्यात नेला. तिथल्या मोनाली मॅडमनी जंताचं औषध दिलं आणि वजन केलं. आणला तेव्हा नऊ किलो होता, आता सात भरला. त्या म्हणाल्या, याहून उतरला तर हाती लागणार नाही. स्टेशनवर हिसकून खायची सवय, म्हणून न चावता गिळतो, अन्नाबरोबर हवाही गिळतो. दूध, तूप, तिखट बंद. मऊ भात आणि बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, थोडी थोडी, दिवसातून चारदा. तीही पसरट परातीत, मधोमध एक मोठा गोटा ठेवून, म्हणजे त्याला गोट्याच्या कडेकडेने हळूहळू खावं लागतं.

गोटा आणायला मी जाम नदीवर गेले. तुमच्या माहेरच्या, सावरगावच्या काठाचाच उचलला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांनी एकमेकांवर गोटे फेकायचे, त्याला अजून सहा महिने आहेत, तरी पुलावरचा एक म्हातारा म्हणालाच, "काऊन व बाई, गोटमारीची तयारी आतापासूनच करून राहिली का?"

चार दिवस एकदाही ओकला नाही. मला वाटलं, जिंकलं. पाचव्या दिवसापासून पुन्हा तेच. काय पडतं ते बघत जा, असं मॅडमनी सांगितलं होतं म्हणून वाकून पाहिलं, तर दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर. आमच्याकडे आठ दिवसांत भाकर झालेली नाही. कुंपणाशी जाऊन पाहिलं तर खालच्या तारेला त्याचे केस अडकलेले.

खरं सांगते, डोकंच फिरलं. 'ह्या बाईनं आता कुत्र्यालाही...' एवढं तोंडातून निघालं आणि तिथेच थांबले. कारण असंच एक वाक्य मी मागे पुरं बोलून चुकले आहे.

पत्र मी सकाळी इथेच संपवलं होतं. त्याला काय देता आणि किती वाजता देता, तेवढं कळवा, मॅडमना सांगायचं आहे, एवढंच खाली लिहून घडी घातली. आता दुपारी पुन्हा उघडून बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या त्या सकाळी सौसरचे पाहुणे अंगणात उभे होते. त्यांच्यासमोर तुमच्याकडे बोट दाखवून मी ओरडले, "साखर चारून चारून मारलं हिनं मायले!" त्यांना मधुमेह, गोड बंद, तरी आदल्या दिवशी तुम्ही त्यांना संत्रा बर्फी दिल्याचं मला त्या सकाळीच कळलं होतं. हृदय थांबलं, बर्फीचा काही संबंध नाही, असं डॉक्टर दहादा म्हणाले. मी ऐकलं, पण बोललेलं परत घेतलं नाही. तुम्ही पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या, उलट एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे.

आता जे ह्यांनाही सांगितलेलं नाही ते लिहिते. आदल्या दिवशी दुपारी मीसुद्धा सासूबाईंना बर्फी दिली होती.

उभा जन्म संत्र्याच्या बागेत काढला त्या बाईने, आणि मागितली काय तर संत्र्याची बर्फी. माझा हात धरून म्हणाल्या, "एक तुकडा दे व माय. मोठी देत नाई." मोठी देऊन गेली होती, हे मला काय ठाऊक! मी एक दिला. मग डोळ्यांत पाणी आणलं म्हणून दुसराही दिला. सकाळी त्या गेल्या आणि मला वाटलं, माझ्याच हातून झालं. मी इतकी भ्याले होते की ते कोणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय मला उभं राहवेना. जवळ तुम्ही होत्या. तुम्ही माझ्यावर पोरीसारखी माया केली होती आणि मी चार लोकांत तुमची इज्जत काढली. मला फार लाज वाटते, ताई. मला माफ करा.

फुटाण्याचंही तेच चाललं आहे. माझ्याकडे जेवतो आणि तुमच्याकडे उपाशी तोंड करून बसतो. वाळला म्हणून तुम्ही घालता, आणि वरून घातल्यानं तो ओकतो नि आणखी वाळतो. यात तुमची काही चूक नाही, मीही तूप घातलंच होतं. फक्त आता त्याला काही देऊ नका. गुरुवारी पुन्हा वजन करायला बोलावलं आहे, आणि मला भीती वाटते.

पत्र तुमच्या दाराच्या कडीत खोचून ठेवते. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

नाही, चालणार नाही. द्या.

तुमची म्हणायचा हक्क उरला असेल तर तुमचीच,
अमिता


सोमवार, १० फेब्रुवारी

चि. सौ. अमितास अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. मी सातवी शिकलेली, चुका पोटात घाल.

भाकर मीच देत होती. तीनचार दिवस झाले, रोज दहा वाजता, दुधात कुस्करून. तारेखालून येते, दाराशी बसते, पाय पुढे करते. बरगड्या मोजून घ्याव्या असा झाला होता. मी ह्यांना, तुझ्या भासऱ्यांना, म्हटलं, धाकटी चारचार वेळा परात मांडते तरी हा असा, तिच्या हाताला काही गुणच नाही. आता कळलं कोणाच्या हाताला नाही ते. आज आला तर मी दार लावून घेतलं. अर्धा घंटा बाहेर कुंईकुंई करत होता. आत मी तुझं पत्र घेऊन रडत होती. पण दिलं काही नाही.

बर्फीचं मला ठाऊक होतं.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाल्या, "लहानीनं बी देल्ली मले. तिले बोलू नोको, भेते ते." आम्ही दोघी खूप हसलो. म्हातारीनं दोन्ही सुनांना बरोबर बनवलं म्हणून हसलो. दुसऱ्या सकाळी तू ओरडली तेव्हा माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तुझ्याकडे पाहिलं तर तू उभी कापत होती. म्हटलं, हिचं नाव आता लोकांत घेतलं तर ही जन्मभर तेच उराशी धरून बसेल. मोठी मी आहे, राहू दे माझ्यावर.

दोनचार दिवसांनी एकटी भेटली की सांगीन असं ठरवलं होतं. तू मान फिरवून जायची. मग मलाही राग आला, आणि तो मी तीन वर्षं पोसला. तुला तेव्हाच सांगितलं असतं तर एवढी वर्षं तू हे ओझं वाहिलं नसतं. ती चूक माझी आहे, अमिता. माफी मलाही मागायची आहे.

तुझे दोन तुकडे, माझा एक. म्हातारी तोंड गोड करून गेली. आपण तिला मारलं नाही व, आपण तिचं ऐकलं.

गुरुवारी फुटाण्याला तू एकटी नेऊ नको. मी त्याला मांडीवर धरते. दवाखान्यात काय ते दोघी मिळून ऐकू.

हात दुखून राहिला. बाकीचं लिहीत नाही, दार उघड.

येऊन राहिली,
तुझी ताई