बसून खाणारी फुलं

२ मार्च, सकाळ
निर्णय झाला. या घराला लागणारी भाजी यापुढे आपल्या बाल्कनीत पिकणार. सोबत पुस्तकही लिहिणार, अव्यवस्थित माणसांसाठी. बाजारातली सगळी पुस्तकं शिस्तवाल्यांनी लिहिलेली. वेळापत्रक, लेबलं, मोजपट्टी. धांदरटाला धीर देणारं कोणी नाही. ती जागा रिकामी आहे आणि मीही. ऑफिस तत्त्वासाठी सोडलं, ते इथे पुन्हा उगाळत नाही.

बायकोला सांगितलं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, सध्या कायम रात्रपाळी. जांभई देत म्हणाली, जूनअखेरपर्यंत स्वतः पिकवलेली एक तरी भाजी ओट्यावर आण. नाही आणलीस तर एक जुलैपासून धाकट्याच्या दुकानात बसायचं. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दुकान नळ, पाइप आणि कमोडचं. अट हसत मान्य केली.

५ मार्च
बिया आणल्या. भोपळा, टोमॅटो, मिरची, आणखी काहीतरी. पाकिटं फोडून सगळ्या बिया पँटच्या खिशात एकत्र. पुस्तकाचं पहिलं सूत्र: झाडाला वाचता येत नाही, लेबल कशाला.

८ मार्च
पँट धुतली गेली. बायकोने खिसे बघायला हवे होते. मशीनच्या रबरात थोड्या बिया सापडल्या, कशाच्या ते कळत नाही. जुन्या पिंपात पेरल्या. प्रकरण दुसरं: अडचण हीच संधी.

१७ मार्च
उगवलं! दोन जाड पानं. कशाची ते लवकरच कळेल.

आनंदाच्या भरात ग्रुप काढला, 'अव्यवस्थितांची बाग'. इमारतीतली बरीच मंडळी आली. खालच्या मजल्यावरचा शिंपी सगळ्यात कच्चा. फुटक्या बादलीत लावलंय आणि बादली कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणतो. त्याला फोनवर तासभर धीर दिला. स्पीकरवर, कारण हात मातीचे. बायको बेडरूममधून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, परत गेली. बेडरूमचं दार बाल्कनीतच उघडतं, त्याला मी काय करणार? घरात भरदिवसा एक माणूस झोपलेलं असलं की उत्साहावर परिणाम होतो.

३ एप्रिल
भोपळाच आहे. ग्रुपवरही सगळ्यांनी भोपळाच लावलाय. मधे पाणी घालायचं राहिलं, वेल मान टाकून पडला होता. झाडालाही थोडं स्वावलंबन शिकवावं लागतं. दुपारी तार बांधायला खिळे ठोकले. बायकोने विचारलं, संध्याकाळी ठोकता आले नसते का. संध्याकाळी मी दमलेला असतो.

२६ एप्रिल
पहिलं फूल. पिवळंधमक. बायकोला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडला आणि किती वाजले ते विचारलं. सौंदर्यदृष्टी उपजत असावी लागते.

५ मे
महत्त्वाचा शोध. एक व्हिडिओ बघितला. भोपळ्याला नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुलं येतात आणि फळ फक्त मादीला धरतं. नराला कधीच नाही. लांब दांड्यावर नटूनथटून उभं राहायचं, खाणंपिणं वेलाच्या जिवावर. मुद्दा कळल्यावर व्हिडिओ बंद केला, उगाच वेळ कोण घालवणार.

होती तेवढी नर फुलं खुडली. मन घट्ट करावं लागतं. बसून खाणाऱ्यांची गय केली की घर बुडतं. ग्रुपवर तसा आदेश दिला: रोज सकाळी, उमलायच्या आत. अंगठ्यांचा पाऊस पडला.

१५ मे
मादी फुलं आली, प्रत्येकीच्या मागे गोटीएवढा भोपळा. नराला अजिबात थारा देत नाही. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं, शर्टाचा साइज काय, दुकानात युनिफॉर्म आहे. बिचारा. तोंडावर पडणार.

२७ मे
गोट्या पिवळ्या पडून गळतायत. घरातलं वातावरण निराशेचं आहे, दुसरं काय. बायकोला तसं स्पष्ट सांगितलं. ती उशी डोक्यावर घेऊन झोपली.

ग्रुपवर विचारलं. सगळ्यांच्याच गळतायत. म्हणजे हवामान. माझा दोष नाही हे सिद्ध झालं.

फक्त शिंप्याचे फुगतायत. चौकशीला खाली गेलो. म्हणाला, साहेब, खुडायचं रोज विसरून जातो. कच्चेपणाला काही हद्द असते! चांगलं झापलं. निघताना त्याने विचारलं, एक भोपळा देऊ का. नको म्हणालो. तत्त्वं आहेत.

११ जून
कोणीतरी त्या व्हिडिओचा उरलेला भाग ग्रुपवर टाकला. नराचा पराग मादीपर्यंत पोचला तरच फळ धरतं, वगैरे. ही माहिती सुरुवातीला सांगायची असते. पलीकडच्या जिन्यावरच्या आजींनी माझ्याबद्दल जे लिहिलं ते त्यांच्या वयाला शोभत नाही. 'धीर सोडू नका' असं उत्तर दिलं. मग एकेक जण ग्रुप सोडून गेला. शिंपी आहे. त्याला बाहेर कसं पडायचं ते माहीत नाही.

२० जून
नर फुलं जपायची ठरवलं. येत नाहीत. एवढे दिवस रोज नर फुलं काढणारा वेल नेमका आता आळशी झालाय.

३० जून, सकाळ
बायको रात्रपाळीहून आली ती चपला न काढता बाल्कनीत गेली. वेल हिरवागार, भोपळा नाही. मी शास्त्र समजावून सांगितलं. फुलं बसून खात होती म्हणून खुडली. हेतू चांगला होता.

तिने वेलाचं एक पान उलटून बघितलं.

"बसून खाणाऱ्याला खुडायचं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मला कसं सुचलं नाही?"

मी म्हणालो, चेष्टा नको.

"आणि त्या फुलांना एका सकाळचं तरी काम होतं."

वाईट वाटलं. खूप वाटलं. झोप झालेली नसते तेव्हा माणूस काहीही बोलतो.

१ जुलै, दुकान
वेळेवर पोचलो. काउंटर मिळेल असं धरून चाललो होतो. दुकान कसं सुधारता येईल याचे मुद्देही तयार होते. मेहुण्याने मागे, कमोडच्या खोक्यांपाशी स्टूल दिलं आणि कशाला हात लावू नका म्हणाला. युनिफॉर्म घट्ट आहे. दुपारी मीच पगाराचा विषय काढला.

तो गल्ल्यातून मान वर न काढता बोलला. "भावजी, पगार ताईच देणार आहे. माझ्या हातून फक्त. तुम्ही घरी असलात की तिला दिवसा झोप मिळत नाही, म्हणून. तुम्ही नुसतं बसा."

मग घरी कधी जायचं, विचारलं. म्हणाला, ती उठली की फोन करेल.

सहा वाजले. आठ वाजले. समोरची दुकानं बंद झाली. मेहुण्याने अर्धं शटर ओढलं आणि माझ्या फोनकडे बघितलं. मीही बघितलं. चार्जिंग भरपूर आहे. रेंजही आहे.