गच्चीवरचं पाणी

मिलिंदनगर, सोलापूर
३ डिसेंबर २०२५

प्रिय रत्नदीपदादा,

सप्रेम जयभीम. मी आणि आई बऱ्या आहोत. तू, वहिनी आणि आमची नवरी मजेत असाल. दीक्षाचा साखरपुडा आईला बघता यावा म्हणून तू सोलापुरात करतोयस, हे कळल्यापासून आई रोज सकाळी विचारते, "दीक्षी कवा येनार हाय?" अठ्ठावीस तारीख सांगितली की बोटं मोजते आणि दुपारपर्यंत विसरते. खाटेवरून उठता येत नाही, पण त्या दिवशी कुठलं लुगडं नेसायचं ते तिनं ठरवून उशाला ठेवलंय.

फोन असताना ही पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. एकच खोली, त्यात आईची खाट. मी फोनवर बोलले की ती प्रत्येक शब्द ऐकते. आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, ही तुझी शाळेपासूनची खोड. पत्रात तुला ऐकून घ्यावंच लागतं.

आता तुझं काम. मुलाकडच्या पंचवीस माणसांसाठी गच्चीवर पोहायचा तलाव आणि बार असलेलं हॉटेल पाहिजे, म्हणून तू तीन नावं पाठवलीस आणि म्हणालास, फोटोवर जाऊ नको, स्वतः जाऊन बघ. रविवारी चांगली साडी नेसून निघाले. सात रस्त्याजवळच्या हॉटेलात वॉचमन म्हणाला, "मावशी, भांडीवाल्यांचं दार मागच्या बाजूला." मी म्हटलं, मी नवरीची आत्या आहे, लिफ्ट दाखव. त्यांचा गच्चीवरचा तलाव म्हणजे चौघं उतरली तर पाचव्यानं बाहेर थांबावं एवढा. खोल्या मात्र स्वच्छ आहेत.

होटगी रोडचं मला आवडलं. तलाव खाली बागेत आहे, गच्चीवर नाही, पण त्याला काय झालं, पाणी ते पाणीच की. बार वेगळ्या खोलीत, बायापोरांच्या नजरेला पडत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मुलाकडच्यांना हौसेनं करून देऊ म्हणाले.

तिसरं, तुला सगळ्यात जास्त आवडलेलं, ते घेऊ नकोस. तिथं मी गेले नाही, जायची गरज वाटली नाही. पाणी टँकरचं असतं. आपल्याकडं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, मी घागरी मांडून बसते, आणि ते लोक गच्चीवर तळं भरतात. तिथल्या टॉवेलांचा औषधी पावडरीचा वास कितीही धुतले तरी जात नाही. वर वारं लई असतं. लहान मुलांना तर त्या पाण्यात मुळीच उतरवू नये. होटगी रोडचं घे आणि मोकळा हो.

एक विचारू का? दारूचं नाव काढलं तरी ताटावरून उठणारा माझा भाऊ आता बार असलेलं हॉटेल शोधतोय, याची मला गंमत वाटली. व्याह्यांसाठी करावं लागतं, कळतं मला. नागनाथ असते तर ही तिन्ही हॉटेलं त्यांनीच बघून दिली असती. त्यांचं नाव तुला खपत नाही, म्हणून पुढं लिहीत नाही.

वहिनीला जयभीम, दीक्षाला गोड पापा.

तुझी धाकटी,
धम्मी


मिलिंदनगर, सोलापूर
१२ डिसेंबर २०२५

दादा,

जयभीम. तुझा मेसेज मिळाला. "तिसरंच बुक केलं. उगाच फाटे फोडू नको. आणि टॉवेलांचा वास तुला घरबसल्या कसा कळला?"

घरबसल्या नाही कळला. ते टॉवेल मी धुते. अडीच वर्षं झाली. मी कंपनीच्या ऑफिसात आहे असं तुला सांगितलं होतं, ते खोटं होतं. तळघरात मशीन आहेत, तिथं मी असते. पाहुण्यांच्या चादरी आणि गच्चीवरून येणारे निळे टॉवेल, एवढंच माझं ऑफिस.

आता पुढचं वाच, आणि मध्येच टाकून देऊ नको. त्या हॉटेलचं नाव बदललंय. भिंतींना रंग दिलाय, नवी पाटी लावलीय, म्हणून तुला ओळखू आलं नाही. मालक तेच आहेत, गच्ची तीच आहे. तू दीक्षाच्या सासरच्यांना जिथं उतरवतोयस, तिथंच माझा नवरा मेला.

तुला माहीत आहे ते असं, की नागनाथ हॉटेलातली उरलेली दारू प्यायला, झिंगून तलावात पडला आणि बुडाला. सगळ्या मिलिंदनगरला हेच माहीत आहे. बाबाही हेच डोक्यात घेऊन गेले. यातलं एक अक्षर खरं नाही.

त्यांचं काम त्या तलावाचं होतं. सकाळी सहाला जाऊन जाळीनं कचरा काढायचा, पावडर टाकायची, पंप लावायचा. एप्रिलचा महिना, जयंती होऊन आठवडा झाला नव्हता. त्या सोमवारपासून रोज घरी येऊन सांगायचे, पाण्यात हात घातला की दंडापर्यंत मुंग्या येतात, पाण्यातल्या दिव्याची वायर खराब झालीय. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, सीझन संपू दे, मग बघू. मी म्हटलं, रबरी चप्पल घालून जा. माझी अक्कल तेवढीच. गुरुवारी ते रबरी चप्पल घालून गेले. सिद्धराम म्हणून बारमध्ये काम करणारा अक्कलकोटकडचा माणूस आहे, तो सकाळी ग्लास पुसायला वर आला, तेव्हा हे पाण्यात पालथे होते. त्यानं आधी मेन स्विच बंद केला आणि मग त्यांना बाहेर ओढलं. आधी स्विच का बंद केला, हे त्याला कुणी विचारलं नाही.

दवाखान्यात मॅनेजर टाइप केलेला कागद घेऊन आला. "माझे पती मद्यप्राशन करून तलावात उतरले व बुडाले. माझी कोणाबद्दल काही तक्रार नाही." तुला बाबांचा नियम आठवतो ना? गिरणी बंद पडताना साहेबांनी पुढं केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली, आणि राजीखुशीनं नोकरी सोडली असं त्यात लिहिलेलं निघालं. तेव्हापासून आपल्या घरात वाचल्याशिवाय सही नाही. रेशनच्या फॉर्मवरसुद्धा नाही. मी तो कागद दोनदा वाचला, दादा. शेवटपर्यंत. आणि मग सही केली.

मॅनेजर म्हणाला होता, विजेचं नाव काढलं तर हॉटेलला टाळं लागेल, चाळीस जण घरी बसतील, तपास होईपर्यंत प्रेत मिळणार नाही. हा कागद दिलात तर दुपारी घरी न्या, आणि तुमची नोकरी पक्की. मला त्यांना घरी न्यायचं होतं. आणि नोकरीही पाहिजे होती, आई-बाबा माझ्याकडं होते. दोन्ही लिहिते, कारण एकच लिहिलं तर तेही खोटंच होईल.

त्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नाही. बारच्या शेजारी सहा वर्षं काम केलं आणि दर रविवारी विहारात पाचवं शील सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं. विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू उठून उभा राहिलास आणि शे-दीडशे माणसांसमोर म्हणालास, "आमच्या घरात दारू कधी शिवली नव्हती, जावयानं पंचशील मोडलं, मी या माणसाबद्दल दोन शब्द बोलणार नाही." आणि निघून गेलास. मी पुढच्या रांगेत बसले होते. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. लोक आजही पाचव्या शिलाचं बोलतात. मोडलं होतं ते चौथं, खोटं न बोलण्याचं, आणि ते मी मोडलं होतं.

त्यांचा फोटो आईनं बाबांच्या शेजारी लावू दिला नाही. तो पेटीत आहे. त्याच पेटीत पोस्टमॉर्टेमचा कागद आहे. त्यात दारूचा उल्लेखसुद्धा नाही. अडीच वर्षांत कुणी तो मागितला नाही, मीही कुणाला दाखवला नाही.

आत्ताच का सांगतेय? गेल्या आठवड्यात सिद्धराम तळघरात आला. म्हणाला, "अक्का, वरच्या पान्याला परत मुंग्या येतात. दिवे नवे हायत, वायर तीच हाय. तुमी बोलला तर मी बी बोलतो. एकट्याचं माझं कोन ऐकनार?" तुझ्या यादीत मुलाकडची सात लहान मुलं आहेत. ती आल्या आल्या गच्चीवर पळणार.

तेव्हा आधी ते हॉटेल रद्द कर. आणि माझं दुसरं मागणं असं, की तू एक दिवस आधी ये. माझ्याबरोबर पोलीस चौकीत चल. मला एकटीला तिथं "आधी खोटं का लिहून दिलंत" याचं उत्तर देता येणार नाही, तू शेजारी असलास तर देईन. आणि नंतर विहारात, जिथं उभा राहून बोललास, तिथंच उभा राहून दोन शब्द बोल. मला शिव्या घाल हव्या तर. त्यांच्याबद्दल तेवढं बोल.

उत्तराची वाट बघते. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

धम्मी


मिलिंदनगर, सोलापूर
२९ डिसेंबर २०२५

रत्नदीपदादास,

जयभीम. दीक्षाचा साखरपुडा नीट पार पडला, आनंद वाटला. तुझं उत्तर तीन ओळींत आलं. "सगळ्यांच्या सोयीसाठी कार्यक्रम पुण्यात घेतोय. नवी सोयरीक आहे, जुनं उकरू नकोस. आईला सांभाळून सांग." ते हॉटेल रद्द केलंस, मुलं वाचली, तेवढं माझं ऐकलंस. वहिनीनं बारा फोटो पाठवले. पुण्यातही गच्चीवरचंच हॉटेल मिळालं वाटतं. दीक्षाच्या मागं निळं पाणी दिसतंय. पोरगी सुंदर दिसते.

तू येणार नाहीस हे कळल्यावर तीन दिवस मी काही केलं नाही. चौथ्या दिवशी, सोमवारी, पेटीतला कागद घेऊन सिद्धरामबरोबर चौकीत गेले. चार तास बसवलं. जबाब लिहून घेतला. साहेब म्हणाले, आधी खोटं लिहून दिल्याबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. मी म्हटलं, होऊ द्या. दुसऱ्या दिवशी वीज खात्याचा माणूस येऊन गच्चीला कुलूप लावून गेला, आणि संध्याकाळी मला आणि सिद्धरामला कामावरून काढलं. तळघरातल्या दोन बायका माझ्याशी बोलत नाहीत. हॉटेल बंद पडलं तर त्यांचंही काम जाईल, म्हणून त्यांचा राग मला समजतो. सिद्धराम अक्कलकोटला गेला. जाताना म्हणाला, "साक्षीला बोलवा अक्का, येतो की."

आईला सांभाळून सांग म्हणालास. मला ते जमलं नाही. काल अठ्ठावीस तारीख. सकाळी तिनं उशाचं लुगडं काढलं आणि म्हणाली, "मला नेसीव." मी नेसवलं. केस विंचरले. ती दाराकडं बघत बसली. अकरा वाजता म्हणाली, "गाडी कुटं आडकली?" तेव्हा मला सांगावं लागलं. कार्यक्रम पुण्यात झाला हे सांगितलं, का झाला तेही सांगितलं, आणि मग सुरुवातीपासून सगळंच सांगितलं. तलाव, वायर, कागद.

तिनं एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "सही कुनाची हाय?"

"माझी."

"वाचून केलीस?"

"व्हय."

तिनं भिंतीकडं तोंड केलं. जेवली नाही. लुगडं बदलू दिलं नाही. मी दिवसभर खाटेपाशी खाली बसून होते, आणि खरं सांगते, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चार वाजता भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "त्याचा फोटो काड." मी पेटीतून काढला, पुसला. खिळा ठोकायला शेजारच्या चंद्रव्वाकडून हातोडी आणली. बाबांच्या शेजारी लावला. आईनं तोंड वळवून बघितलं. मग म्हणाली, "माज्या जावयाला मी अडीच वर्सं पेटीत कोंडलं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

संध्याकाळी रोजच्यासारखी वंदना झाली. ती खाटेवरून, मी खालून. तीन शीलं आम्ही बरोबर म्हटली. चौथ्याला आई गप्प झाली. मला वाटलं, विसरली. मान वर केली तर ती माझ्याकडंच बघत होती. मी एकटीनं म्हणायची वाट बघत होती. मी म्हटलं. मग पाचवं तिनं सुरू केलं, आणि ते मी मोठ्यांदा म्हटलं, ते म्हणायचे तसं.

तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. आई तुझीही आहे. ये. पण आता भिंतीवर दोन फोटो आहेत, आणि दुसऱ्यापुढं हात जोडल्याशिवाय मी तुला पाणी विचारणार नाही.

हे पत्र दोनदा वाचलं. मग सही केली.

धम्मप्रिया नागनाथ सरवदे