गाठीचं पान

१५ एप्रिल

डोकं फिरलंय. टीचरना परत तोंड दाखवायचं नाही – पण नऊ दिवसांवर पेपर!

सेकंड इयरला कॉलेज सोडलं. एक जण वर्गातल्या योगिनीबद्दल काहीतरी बरळला, मी त्याच्या कानाखाली वाजवली, पुढे सगळं वाढत गेलं. आता बाहेरून परीक्षा देतोय, इंग्रजी तेवढं अडकलंय. अर्धा पेपर त्या चेटकिणींच्या खटल्याच्या जुन्या नाटकावर, अर्धा ग्रामर आणि शब्दार्थ. शिकवतात आमच्याच बिल्डिंगमधल्या व्हेरोनिका टीचर. रिटायर्ड, एकट्या, तळमजल्यावर भाड्याच्या खोलीत. क्लासला आम्ही सहा जण. योगिनी धरून. (तिच्यासाठीच जातो. इथे लिहायला काय हरकत आहे.)

आज नाटकातले शब्द वाक्यात वापरायचे होते. ‘अक्यूज’ आला. मी लिहिलं – योगिनी माझ्याकडे बघत नाही, असा माझा तिच्यावर आरोप आहे. इंग्रजीत. फक्त टीचर वाचतील म्हणून. त्यांनी मोठ्यानं वाचलं! सगळ्यांसमोर!

“वाक्य बरोबर आहे हो सुशांत. पहिल्यांदाच. आता डोळे वहीत ठेव, बाळा.”

सगळे खिदळले. योगिनी वही मिटून निघून गेली.

१६ एप्रिल

आली नाही.

१७ एप्रिल

नाटक दुसऱ्यांदा वाचलं. कसली माणसं! पोरी भर कोर्टात किंचाळतात, याच्या-त्याच्याकडे बोट दाखवतात आणि शिकलेले जज माना डोलावतात. कडेला पेन्सिलीनं लिहिलं – इतकं कोणी मूर्ख असतं का?

संध्याकाळी घरी आलो तर आई आणि वरच्या रंगूबाई माझं ग्रामरचं पुस्तक मधे ठेवून बसलेल्या. पुस्तकात ठेवलेलं पान बाहेर काढलेलं. माडाच्या झावळीची पात, पिवळी, गाठ मारलेली.

टीचर पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून झावळ्या आणतात. पाती वळून छोटे क्रूस करतात आणि परीक्षेला बसणाऱ्याला एकेक देतात. आशीर्वाद म्हणून. माझ्या क्रूसाचे हात पुस्तकात दबून तुटलेले. गाठ तेवढी उरलेली.

रंगूबाई म्हणाल्या, “पोरगा उगाच नाय घरी बसला. बांधलाय त्याला कोणीतरी.” दुपारी आंबिवलीला अंगारे देणाऱ्या कुंडलिक भगताकडे जाऊनसुद्धा आलेल्या दोघी! तो म्हणे, जवळचीच बाई हाय. शिकलेली.

आई म्हणाली, “त्या योगिनीनं दिलं ना?”

“नाही. टीचरनी.”

“कशाला?”

एक वाक्य पुरलं असतं. पाम संडेचं. मी म्हणालो, “काय माहीत. देताना काहीतरी पुटपुटत होत्या.”

प्रार्थना करत होत्या! मला माहीत होतं.

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. टीचर दिवसभर चर्चमध्ये. परत आल्या तेव्हा दारात लिंबू, टाचण्या टोचलेलं. मी जिन्यातून बघत होतो. त्यांनी चपलेनं बाजूला सारलं आणि कुलूप उघडलं.

योगिनीला वाचवायला टीचरचं नाव घेतलं – रात्रभर हेच घोकलं. खोटं आहे. राग काढला मी.

१९ एप्रिल

क्लासला दोघंच. मी आणि योगिनी. बाकीच्यांच्या घरून मेसेज – बरं नाही. चौघांनाही एकदम!

योगिनी माझ्याशेजारी नाही बसली. टीचरनी पॅसिव्ह व्हॉइस घेतला. फळ्यावर उदाहरण लिहिलं – मला खोली सोडायला सांगण्यात आलं आहे. आधी वाटलं, पुस्तकातलंच. मग त्या म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत. चला, पुढचं वाक्य.”

लिहिता लिहिता खडू तुटला.

२१ एप्रिल

योगिनीनं शहाड स्टेशनबाहेर गाठलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःहून बोलायला आली!

“तू सांगितलंस ना, त्या पुटपुटतात म्हणून? रंगूबाई तुझंच नाव घेऊन सांगत फिरतायत.”

“मी फक्त –”

“माझ्याकडे पण तसंच पान आहे. माझी आई म्हणते, जाळून टाक. मी नाही जाळलं. तू काय केलंस रे? नाटक पाठ झालं ना तुझं?”

उत्तराला न थांबता गेली.

मालकाला गाठलं. रवींद्रशेठ. सगळा खुलासा केला. तो कानात काडी फिरवत म्हणाला, “माझा काय विश्वास नाय रे असल्यावर. पण चार भाडेकरू बोलतात ना. ते गप्प झाले की मीपण गप्प.”

२२ एप्रिल

रंगूबाईंकडे गेलो. मी खोटं बोललो, टीचर देवाचं नाव घेत होत्या, ते पान त्यांच्या सणाचं असतं – एका दमात सांगितलं.

त्या माझ्याकडे दया आल्यासारखं बघत राहिल्या. मग आत हाक मारली, “अगो, बघ बघ! आता ह्याच्या तोंडून बोलवून घेतेय ती!”

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. खरं बोललो तर तोच पुरावा! मग माणसानं बोलायचं तरी काय?

२३ एप्रिल

उद्या पेपर. टीचरनी खाली बोलावून शंका विचारायला लावल्या. निम्मं सामान खोक्यांत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “आधी स्पेलिंग. ‘कन्फेस’ला दोन एस. दर वेळी एक खातोस.”

त्यांना कळलंय. कधीपासून, कोण जाणे.

आज आईला सांगायचंच. आईनं खाली जाऊन एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, की चूक झाली, तर बिल्डिंग ऐकेल. तिचाच तर पोरगा ‘बांधलेला’.

२४ एप्रिल

पेपर बरा गेला. काल नाही जमलं, आज आल्या आल्या आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

“पान कसलं ते मला ठाऊक आहे. भगताकडे जायच्या आधीच टीचरना विचारून आलेले. योगिनीचं नाव मुद्दाम घेतलं, टीचरचं तुझ्याच तोंडून रंगूबाईंसमोर यायला हवं होतं.”

“मग?”

“त्या पोरीपायी कॉलेज घालवलंस. आणि परत रोज दोन तास तिच्याच समोर जाऊन बसायला लागलास. क्लास बंद झाल्याशिवाय सुटणार होतास तू?”